तळाचा कांदा

"उजवीकडून! ताट उजवीकडून उचलायचं असतं!"

शब्द निसटले आणि मग मैनानं जीभ चावली. सुट्टीचा दिवस, कधी न पाहिलेली खानावळ, बाहेर हाडं गारठवणारा पाऊस म्हणून पाच मिनिटं आत शिरलेली ती. आणि शिरल्या शिरल्या थेट मालकालाच शहाणपण शिकवून मोकळी!

मालक एका जाड्या ट्रामचालकाच्या डोक्यावरून वाकून उष्टी ताटं गोळा करत होता. तो वळला. पण इतक्या हळू वळला की याच्या मानेत काही अडकलंय की काय, असं मैनाला वाटलं.

"बाई," तो म्हणाला, "उजवीकडे भिंत आहे."

होतीच. ट्रामचालक भिंतीला खेटून बसला होता आणि भिंतीतून हात घालायची सोय अजून निघायची होती. सगळी खानावळ खो खो हसली. मैनाचे कान तापले. निघून जावं तर बाहेर पाऊस, बसावं तर जागा एकच, त्याच ट्रामचालकाच्या शेजारची. बसली बिचारी.

"काय देऊ?"

"काय काय आहे?"

"रस्सा आहे."

"आणि?"

त्यानं बराच विचार केला. "रस्सा नको असेल तर... नुसता पाव आहे."

आता हसायची पाळी मैनाची होती. तो हसला नाही, पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं, आणि ते मैनाला दिसलं. तिला नेमकं असलंच दिसायचं. टेबलावरचा माणूस केव्हा खूश झाला, केव्हा कंटाळला, केव्हा बायकोवर चिडला... सहा वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं?

मैना हे काही तिचं खरं नाव नव्हे, ते कामावर पडलेलं. नदीकाठच्या जुन्या जकातघरात एक फार मोठं रेस्तराँ होतं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, बारा टेबलं, सगळ्यांना एकच जेवण. एका जेवणात सात पदार्थ, सात मुलखांचे. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात; चूल त्याच्याही आधी बदलते. या देशात तर इतके मुलूख, इतक्या बोली, की एकाचं पक्वान्न ते दुसऱ्याचं गुरांचं खाणं. मोठ्या शेफनी त्याचंच सोनं केलं होतं. दर मोसमाला नवे मुलूख, नवे पदार्थ, आणि पदार्थ टेबलावर ठेवताना वाढणाऱ्यानं त्याची गोष्ट सांगायची. कुठल्या गावचा, कुणाच्या चुलीवरचा, कसा जन्मला. ही गोष्ट मैनाइतकी गोड कुणी सांगत नसे. म्हणून ती मैना.

आणि खानावळीच्या या मालकाला सगळी गिऱ्हाइकं म्हणत सावकाश. का, ते वेगळं सांगायला नको.

पुढच्या मंगळवारी पाऊस नव्हता, तरी मैना खानावळीत होती.

"आज पाऊस नाही," सावकाश म्हणाला.

"पडेल की," मैना म्हणाली, आणि पदर खोचावा तशा बाह्या सरसावून बसली. मग रश्श्यात चमचा बुडवून कामावरचा मधाळ आवाज लावला. "डोंगराच्या कुशीत, दवानं भिजलेल्या मातीत उगवलेला हा बटाटा..."

"बाजारातला आहे. अर्धा सडका निघाला."

"...एका म्हातारीच्या थरथरत्या हातांनी सोललेला..."

"मी सोललाय."

"अहो, बोलू द्या की जरा!"

"बोला," तो म्हणाला. "मी ऐकतोच आहे."

आणि खरंच ऐकत होता. हातातलं फडकं तसंच, मागे दोन गिऱ्हाइकं हाका मारतायत, आणि हा उभा. मैनाला सहा वर्षांत रोज शंभर माणसं ऐकत होती, पण ती आपल्या ताटाकडं बघत ऐकत. तिच्याकडं बघत ऐकणारा हा पहिलाच. ती बोलायची थांबली. असं सहसा होत नसे.

अशा चार मंगळवारांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. खानावळ ट्रामच्या डेपोमागे, धुरानं काळवंडलेल्या गल्लीत. बाकांवर चार मुलखांची माणसं, कुणी मांस न खाणारा, कुणी कांदा न शिवणारा, कुणी ठरावीक वारी मीठच न घेणारा. सावकाश कुणालाच काही विचारत नसे. कोण काय खात नाही हे त्याला पाठ होतं. "खातात काय, ते कुणीही लक्षात ठेवेल," तो म्हणायचा. मैनाला हे वाक्य फार आवडलं. तिनं ते लगेच कामावर सांगितलं. तेव्हा त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

आत चुलीपाशी त्याची आई असायची. कमी बोलणारी, हात मात्र कायम चालू. मैना तिला मावशी म्हणायची. मायलेक वरच्या डोंगराळ खाणमुलखातून आलेले, एवढंच तिला ठाऊक होतं. घरी वहिनी विचारायची, "दर मंगळवारी नटूनथटून कुठं गं?" मैना म्हणायची, "जेवायला." आणि दादा वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "घरी काय उपाशी ठेवतो काय आम्ही हिला?"

हिवाळा आला. एका मंगळवारी मैना गेली तर खानावळीचं दार बंद. सावकाश बाहेर पायरीवर उभा होता. तिची वाट बघत.

"आज खानावळ बंद असते," तो म्हणाला. "आत ये."

"बंद आहे ना?"

"गिऱ्हाइकांना."

आत बाकं रिकामी, उजेड मळकट. एका बाकावर तीन वाट्या. वाट्यांत काळपट पाणी, त्यात कांद्याचे तुकडे आणि कालचा पाव. सावकाशनं आधी आईची वाटी भरली, मग मैनाची, मग स्वतःची. मैनानं एक घोट घेतला. कडू. कडू म्हणजे, जिभेच्या मुळापर्यंत कडू.

"मी सहा वर्षांचा होतो," सावकाश सांगू लागला. आपल्याच संथ लयीत, मध्ये मध्ये थांबत. "आईनं कांदा शिजत ठेवला होता, आणि भोंगा झाला. खाण बसली. बाबा आत होते. आई तशीच मला उचलून पळाली. तीन दिवस सगळ्या बाया खाणीच्या तोंडाशी उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी सांगितलं... घरी जा म्हणून. घरी आलो, तर चूल आपोआप विझलेली, कांदा तळाशी जळून कोळसा. घरात दुसरं काही नव्हतं. आईनं त्याच भांड्यात पाणी घातलं, उकळलं, आणि मला पाजलं. मी म्हणे आणखी मागितलं." तो जरासा हसला. "दरवर्षी या दिवशी आई मुद्दाम कांदा जाळते. आम्ही दोघंच खातो. आजवर कुणाला... कुणालाच सांगितलेलं नाही."

मावशी खाली मान घालून वाटी संपवत होती. उठून वाट्या आत घेऊन गेली.

"आम्ही दोघंच खातो," तो पुन्हा म्हणाला. "म्हणजे... खायचो. आता तिघं. म्हणजे तुझी हरकत... तू उगाच घाई... तसं काही नाही. सावकाश सांग."

मैनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिला हसूही येत होतं. तिनं बाकावर हात पुढे केला. त्यानं आपल्या करपल्या बोटांनी तो धरला, आणि कितीतरी वेळ दोघं तसेच बसले. इतकी कडू चव तोंडात असताना माणूस इतकं सुखी असू शकतं, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार.

जकातघरात शेफचा एक नेम होता. दुपारची पंगत बसण्याआधी सगळ्यांनी स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या टेबलाभोवती उभं राहायचं, आणि आदल्या दिवशी ज्याची सुट्टी होती त्यानं सुट्टीत खाल्लेला एक घास सांगायचा. डोळे मिटून, नीट, चवीसकट. "खाल्लेलं ज्याला सांगता येत नाही, त्याला वाढता येत नाही," असं शेफ म्हणत. याला सगळे घासाचा तास म्हणायचे. दर बुधवारी मैनाचा घास असे आणि तो ऐकायला भांडी घासणारेसुद्धा नळ बंद करून येत.

त्या दिवशी तिनं दुसरं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. वहिनीच्या हातचं काही, रस्त्यावरचं काही. पण नव्यानं प्रेमात पडलेल्या माणसाला गप्प बसवायचं कसं? तिला त्याच्याबद्दल बोलायचं होतं. त्याचं नाव घ्यायचं होतं, त्याच्या बोटांबद्दल सांगायचं होतं. आणि सहा वर्षांची सवय. मैनानं डोळे मिटले आणि सगळं सांगितलं. भोंगा, तीन दिवस, काळं भांडं, आणखी मागणारं पोर. बोटांचं तेवढं राहून गेलं.

डोळे उघडले तेव्हा शेफ पाठमोरे होऊन चष्मा पुसत होते.

गुरुवारी त्यांनी कांदा जाळला. शुक्रवारी पुन्हा जाळला, त्यात लोणी घातलं, हाडांचा अर्क घातला, कडूपणा असा बेतानं ठेवला की जिभेला नुसता स्पर्श करून जावा. शनिवारी मैनाला बोलावलं. "या मोसमाचा पाचवा पदार्थ. 'तीन दिवसांचं सूप'. आणि आजपासून तू वाढप्यांची प्रमुख. सगळ्यांकडून गोष्ट पाठ करून घे, तुझ्याच शब्दांत."

मैना म्हणाली, "शेफ, ते... त्यांना विचारलं पाहिजे."

"विचार की! आनंदच होईल. आईचं नाव होतंय, कुणाला नको असतं?"

विचारायचंच, असं तिनं ठरवलं. मंगळवारी. मंगळवारी सावकाशनं तिच्यासाठी चुलीजवळची जागा राखून ठेवली होती, उबेची. ती ऊब सोडवेना. पुढच्या मंगळवारी मावशीनं तिच्या वाटीत न मागता जास्तीचा रस्सा वाढला. त्या दिवशी तर तोंडच उघडेना. बोलीन, बोलीन म्हणता सहा आठवडे गेले. पूर्वी ती त्याला म्हणायची, "ये की एकदा माझ्या कामावर, बघ तरी!" आता तो आपणहून विषय काढी, आणि ती म्हणे, "नको रे, तिथलं तुला नाही आवडायचं." त्याला वाटलं, आपल्या विटक्या कोटाची हिला लाज वाटत असेल. बोलला नाही. तो कुठं चटकन बोलणाऱ्यातला?

आणि खरं सांगायचं तर मैनाला ती गोष्ट सांगायला आवडत होती. दगडाला पाझर फुटावा तशी माणसं रडत. एकदा एका म्हाताऱ्या न्यायाधीशानं तिचा हात धरला आणि विचारलं, "आणि ती आई? ती काय जेवली?" मैनाला माहीत नव्हतं. पण गोष्ट सांगणारा 'माहीत नाही' म्हणत नसतो. "त्या माऊलीनं घोटसुद्धा घेतला नाही," ती म्हणाली. "सगळं लेकराला पाजलं." न्यायाधीशांनी रुमाल काढला. दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य गोष्टीत कायमचं बसलं. बाकीच्या पाचही वाढप्यांनी ते पाठ केलं.

मग ती रविवारची दुपार आली. आकाश राखेसारखं, नदी त्याहून मळकट. चौथ्या पदार्थाच्या बशा उचलून मैना स्वयंपाकघरात आली, तर खिडकीच्या टेबलावरची वाढपीण पाय मुरगळून बसलेली. "दोघंच आहेत गं, आई आणि मुलगा. तूच घेशील?"

मैनानं दोन वाट्या तबकात घेतल्या आणि दारातून बाहेर पडली. तिच्या टेबलांवरून न दिसणाऱ्या, खांबाआडच्या खिडकीशी, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर हात कुठं ठेवावेत हे न कळून, सावकाश बसला होता. कोट तोच, पण घासूनपुसून इस्त्री केलेला. समोर मावशी, ठेवणीतल्या कपड्यांत, केस चापूनचोपून विंचरलेले.

तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला, की मैनाला तबक टाकून पळून जावंसं वाटलं.

"घाबरवलं ना?" तो हळूच म्हणाला. "दोन महिने आधी नाव द्यावं लागतं इथं. त्या दिवशी तू जेवून गेलीस ना... दुसऱ्याच दिवशी येऊन दिलं. म्हटलं, आईसमोर, तुझ्या कामाच्या जागी... नीट विचारावं."

दुसऱ्याच दिवशी. म्हणजे बुधवारी.

"चला," मैना पुटपुटली. "चला इथून. आत्ता. मी सांगते सगळं, आधी बाहेर—"

"अगं, आणखी तीन पदार्थ आहेत म्हणे!"

शेफनी पेल्यावर चमचा वाजवला. जकातघराची रीतच तशी होती, एका वेळी एकच पदार्थ, बाराही टेबलांवर. उरलेले चार वाढपी चार टेबलांशी वाकले आणि चार तोंडांतून मैनाचे शब्द बाहेर पडले. "वरच्या डोंगरी मुलखात एक बाई राहत होती..."

सावकाशनं कान टवकारले. "आमचा मुलूख!" तो कौतुकानं आईला म्हणाला.

"...तिनं कांदा शिजत ठेवला, आणि खाणीचा भोंगा झाला..."

मैना तबक धरून उभी होती. सावकाशच्या चेहऱ्यावरचं कौतुक एकदम गेलं नाही. ते त्याच्यासारखंच सावकाश गेलं, एकेक वाक्यागणिक. तीन दिवस. विझलेली चूल. सहा वर्षांचं पोर. शेजारच्या टेबलावर दागिन्यांनी लगडलेल्या एका बाईनं "अगंबाई!" म्हणून छातीला हात लावला आणि चमचा तोंडात घातला.

"...त्या माऊलीनं घोटसुद्धा घेतला नाही. सगळं लेकराला पाजलं."

वाढपी पुढच्या टेबलांकडे सरकले. गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

मावशीनं हात पुढे केला. "दे," ती म्हणाली. मैनानं वाटी ठेवली. मावशीनं एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, गिळला.

"छान झालंय," ती म्हणाली. "आमचं एवढं चांगलं कधी होत नाही."

"मावशी, मी—"

"ती जेवली नाही, हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी... कुणीच नाही. मीच."

"का?"

"लोक विचारायचे." मैनाचा आवाज, तो मधाळ आवाज, कुठल्या कुठं गेला होता. "त्यांना बरं वाटायचं."

मावशीनं चमचा खाली ठेवला. मुलाकडं बघितलं नाही, खिडकीबाहेर नदीकडं बघितलं.

"मी जेवले होते," ती म्हणाली. "आधी जेवले. तू वाटेतच झोपलास, तुला तसंच अंथरुणावर टाकलं. भांड्यात वरचा कांदा चांगला होता. जळला होता तो तळाचा. तीन दिवस पोटात काही नव्हतं माझ्या. मी तुला उठवलं नाही. वरचा सगळा मी खाल्ला... मग तळ खरवडला, पाणी घातलं आणि तुला उठवलं." तिनं श्वास घेतला. "दरवर्षी तू माझी वाटी आधी भरतोस. दरवर्षी वाटतं, आज सांगावं. तू गोष्ट सांगितलीस तेव्हाही गप्प बसले. एवढी वर्षं दडवलं, पुढंही दडवलं असतं. पण हे असलं देवपण अंगावर घेऊन मी इथून उठणार नाही."

सावकाश आईकडं बघत होता. मग मैनाकडं. मग पुन्हा आईकडं. शेजारची बाई पावानं वाटी पुसून घेत होती.

तो उठला. आईला कोट चढवला, एकेक बाही, घाई न करता. दोघं बारा टेबलांमधून चालत गेली, आणि कुणाचंही लक्ष गेलं नाही, कारण सगळे गोष्ट ऐकत होते.

मैना तडक स्वयंपाकघरात गेली. "शेफ, सूप काढून टाका."

शेफनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "वाईट वाटतं गं," ते म्हणाले. "पण आता ती गोष्ट त्यांची राहिली नाही, आणि तुझीही. उद्या तू नसलीस तरी ही पाच पोरं सांगतील." त्यात खोटं काही नव्हतं. मैनानं एप्रन सोडून टेबलावर ठेवला आणि मागच्या दारानं बाहेर पडली. सोमवारी सूप होतं. मंगळवारीही होतं.

त्या मंगळवारी ती खानावळीत गेली. गिऱ्हाइकं जाईपर्यंत पायरीवर उभी राहिली. शेवटी मावशीच बाहेर आली.

"पोरी, तू तसं केलं नसतंस, तर मी हे उरावर घेऊनच गेले असते. आता रात्री झोप लागते मला," ती म्हणाली. "पण तुझे उपकार मानायला जीभ वळत नाही. रागवू नकोस." मग जाता जाता म्हणाली, "ते पाणी आता आम्ही करणार नाही. तुमच्याकडे करतात ना."

सावकाश फडकं खांद्यावर टाकून दारात आला.

"मी नोकरी सोडली," मैना म्हणाली.

"कळलं."

"तू ओरड ना माझ्यावर. काहीतरी बोल."

तो पायरीवर बसला. बाजूला जागा ठेवून. मैना बसली, पण मध्ये हातभर अंतर सोडून.

"आईवर राग नाही आला," तो म्हणाला. "भुकेलेलं माणूस जेवलं, त्यात काय... तिला म्हटलं, मलाही तेच करावंसं वाटलं असतं. दोघं खूप रडलो. पहिल्यांदाच. आणि रडताना माझ्या मनात आलं, हे मैनाला सांगायला हवं. आणि लगेच दुसरं आलं, हिला कसं सांगू?"

"मी पुन्हा कधी—"

"ऐक ना. मला सांगू दे, मी सावकाश सांगतो." त्यानं फडकं खांद्यावरून काढून गुडघ्यावर ठेवलं. "मला तू हवी आहेस. अजूनही. तुझ्या पावलांचा आवाज आला की अजून माझा हात चुकतो. माझं फार प्रेम आहे तुझ्यावर. पण उद्या घरात काही होईल. कुणी आजारी पडेल, कुणी जाईल, एखादं मूल होईल... आणि प्रत्येक वेळी मी आधी तुझ्या तोंडाकडं बघेन. ही हे कुठं जाऊन सांगेल, म्हणून. मी तसा जगलो तर तुझा द्वेष करायला लागेन. मला तुझा द्वेष करायचा नाही."

मैनाला हजार गोष्टी सांगता आल्या असत्या. माणसं विरघळवणारं कसं बोलायचं, ते तिच्याइतकं कुणाला येत होतं? तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"एक मागू?" तो म्हणाला.

"माग."

"आपलं... हे जे होतं ते... कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"घरीसुद्धा."

"घरीसुद्धा नाही."

त्यानं मान हलवली. त्याचा विश्वास बसला की नाही, हे त्याच्या डोळ्यांच्या कडांवरूनही तिला ओळखता आलं नाही. तो उठला, आत गेला, आणि आतून ताटं एकावर एक रचल्याचा आवाज येत राहिला.

मैना आता एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते. मोठ्या पळीनं वाढायचं, पुढच्या खाटेकडं सरकायचं. तिथं पदार्थांना गोष्टी नसतात. बोलणंही तिचं कमी झालंय. दादा म्हणतो, "चला, घरात शांतता आली!" पण वहिनीची नजर तीक्ष्ण. मंगळवार चुकलेले तिच्या ध्यानात आहेत, उशी ओली असते तेही.

परवा भांडी पुसता पुसता तिनं विचारलंच. "खरं सांग हं, मी तुझ्या दादालाही नाही बोलणार. कुणी होतं का गं तुझं?"

मैनाच्या हातातलं भांडं थांबलं. ओठांवर सगळं आलं. भिंत, सडका बटाटा, करपलेली बोटं, पायरीवरचं ते हातभर अंतर. नुसतं तोंड उघडायची खोटी, वहिनी तिला कुशीत घेऊन रडली असती.

"छे गं," मैना म्हणाली. "कुणी नव्हतं."

वहिनी तिच्याकडं क्षणभर बघत राहिली. मग तिला ते पटलं. "बरं बाई," ती म्हणाली. "मग रविवारी त्या लोकांना बोलावू का? मुलगा चांगला आहे म्हणतात."

मैनानं भांडं फळीवर ठेवलं, नीट, आवाज न करता.

"बोलाव," ती म्हणाली.